जमादारांची कोरडी बाग

"बागेत पानी? माझ्या बागेत?" हंबीरराव जमादारांनी मिशीला पीळ दिला. "हरिबा, ब्रह्मदेशात आमी नदी अडवली हुती. हे तर गटार!"

लढाई संपवून घरी आलेल्या जमादारांना १९४६ साली साताऱ्यातल्या या बागेचं मुकादमपद मिळालं, त्याला अजून महिनाही झाला नव्हता. बाग मधोमध कमरेइतकी खोल. किल्ल्याकडून उतरणारं पावसाचं पाणी एका मोरीतून तिच्यात शिरायचं, दोन दिवस थांबायचं आणि जिरून जायचं.

"आवं, म्हनून तर ती खोल ठेवलीया," म्हातारा माळी हरिबा कळवळला. "बाग पानी पिती, तवा खालची आळी कोरडी ऱ्हाती."

"आज शिरवळचं पाव्हणं आमच्या पोरीला, शालनला बघाय येणार. च्या झाला की त्यास्नी बाग दावायची. पोराच्या बापानं, नानासोंनी काय चिखल तुडवायचा?"

झालं! जमादारांनी मोरीच्या तोंडाशी वाळूची चाळीस पोती रचली, तीही दोरी लावून, एका रेषेत. उंदराला आत शिरायचं तर परवाना काढावा लागला असता!

दुपारी खालच्या आळीतल्या जमादारांच्या घरी पाहुणे पोह्यांना बसले आणि आभाळ फाटलं.

"पडू द्या!" जमादार खुशीत म्हणाले. "आमची बाग ठणठणीत!"

एवढ्यात उंबऱ्यावरून पाणी आत आलं. आधी पाहुण्यांच्या वहाणा निघाल्या, पाठोपाठ पाट.

"आवं, वीस वर्सांत घरात कवा पानी आलं न्हाई!" जमादारांच्या बायको साळूबाई किंचाळल्या.

"कुण्या बेअकली मानसाची करनी!" जमादार गरजले.

तेवढ्यात गुडघाभर पाण्यातून हरिबा दारात आला. त्यानं सलाम ठोकला.

"साहेब, पोती लय पक्की बसल्याती! बागेत थेंब न्हाई. समदं आळीत!"

नानासोंनी हातातल्या बशीवरून जमादारांकडे पाहिलं. ब्रह्मदेशात जमादारांनी गोळ्या चुकवल्या होत्या, पण पाहुण्यांची नजर काही चुकवता येईना.

शालननं मात्र पोह्यांचं ताट फळीवर ठेवलं, नव्या लुगड्याचा कासोटा घट्ट केला आणि ती हरिबासोबत पोती काढायला बाहेर पडली. अर्ध्या तासानं पाणी ओसरलं. ती परतली तेव्हा कमरेपर्यंत चिखलानं माखली होती.

स्थळ गेलं! जमादारांनी मान खाली घातली.

"पोरगी पसंत हाय," नानासो म्हणाले.

जमादारांनी झटकन मान वर केली.

"पर पाव्हणं, लगीन आमच्या दारात, शिरवळला. तुमी फकस्त अक्षता टाकाय या. बंदोबस्त कसलाबी करू नगा!"