एकुलती तबकडी वाजविल्याची हकीकत

श्रीशारदा प्रसन्न. जिचे कृपेने मुक्यास वाचा फुटते तीस आधी नमन. आणि जे दुसऱ्याची वाचा कपाटात कोंडितात त्यांस काय म्हणावे ते पुढे मजकुरात येईलच. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, वैशाख शुद्ध पंचमी, रविवार, ते दिवशी तबकडीराज्याचे सरदार मोहिमेस निघाले. हे राज्य ऐसे की, गाण्यांच्या जुन्या लाखेच्या तबकड्या जमवाव्या, कोणापाशी काय आहे ते पाहोन मनात जळावे, आणि वर्षातून एकदा सर्वांनी मिळोन सहलीस जावे. राज्याचे मुख्य त्र्यंबकराव सबनीस. त्यांचे पदरी तबकड्या उदंड, कपाटे सागवानी, कुलपे पितळी. परंतु आवाज म्हणाल तर घरात कुकराचे शिटीवाचून दुसरा नाही. कारण राज्याचा कायदाच होता की जिची दुसरी प्रत जगात नाही ती एकुलती तबकडी वाजवू नये, सुई फिरली की आवाज झिजतो. याच राज्यात दिगंबरपंत गुळवणी म्हणोन एक लहान सरदार होते. त्यांजपाशी चावीचा एक ग्रामोफोन आणि मोजक्या तबकड्या, आणि त्या ते रोज वाजवीत, म्हणोन दरबारी त्यांचा मान बेताचाच.

मोहिमेचे कारण ऐसे जे, सुभद्रा मांद्रेकर नावाची गाणारीण पूर्वी होऊन गेली. लग्नाअगोदर तिचे गाणे तबकडीवर उतरले, आणि लग्न होताच सासरी गाणे बंद जाहले ते मरेतोवर. ती एकुलती तबकडी सबनिसांपाशी होती, परंतु गाणारणीची तसबीर कोठे मिळेना. तों शोध लागला की तिची लेक मथुराबाई एका गावी राहते आणि तसबीर तिचे भिंतीवर आहे. मग सबनिसांनी निरोप धाडिला की तसबीर द्यावी, आम्ही तुमचे मातुश्रींची तबकडी घेऊन येतो. आणि दिगंबरपंतांस ग्रामोफोन बरोबर घेण्याची आज्ञा जाहली, तेव्हा ते मनी बहुत संतोष पावले, की कधी नव्हे ते राज्यास शहाणपण सुचले.

मग मोटारी भर उन्हात मथुराबाईंचे दारी दाखल जाहल्या. बाईंनी सर्वांस पाणी दिले, भिंतीवरील तसबीर पदराने पुसोन सबनिसांचे हाती दिली, आणि ग्रामोफोनासमोर खुर्ची ओढून बसल्या. सबनिसांनी काळ्या मखमलीतून तबकडी काढोन तिजवरले नाव वाचून दाखविले. बाईंनी नावावरून बोट फिरविले आणि म्हणाल्या, "लावा आता. कानातल्या मशीनला नवा सेल घालून बसल्येय."

सबनीस हसले. "अहो, ही वाजवायची नसते. जगात एकच आहे. हा ग्रामोफोन फक्त फोटोत शोभेसाठी. तबकडी घेऊन येतो म्हणालो होतो, ती आणली."

"आई माझ्यासमोर कधी गायली नाही हो," बाई म्हणाल्या. "पाळण्याशीसुद्धा नाही. घरात चालायचं नाही. मला तिचा बोलण्याचाच आवाज ठाऊक आहे."

"भावना समजतात. पण पुढच्या पिढीचा विचार करावा लागतो."

हे ऐकोन दिगंबरपंतांचे तळपायाची आग मस्तकास गेली. ते म्हणाले, "त्र्यंबकराव, पुढची पिढी समोर बसलीय. तिला चौऱ्यांशी वर्षं झाली."

यावर दरबारात गलबला जाहला, कायदा तो कायदा म्हणोन सर्वांनी माना डोलविल्या, आणि सबनिसांस दिगंबरपंतांचा भरवसा वाटेना. म्हणोन त्यांनी तबकडी मखमलीत गुंडाळोन आपले मोटारीत मागचे बाकावर सामानास टेकवून ठेविली, काचा बंद केल्या, किल्ली खिशात घातली आणि निश्चिंत मनाने पानावर बसले. आमरस होता, पुऱ्या होत्या. ज्यांनी आत्ताच तोंडावर नाही म्हटले त्यांसच बाई आग्रह करकरोन वाढीत होत्या, आणि ते बोटे चाटीत होते. दिगंबरपंतांनी मात्र पानास हात लाविला नाही. बाई त्यांस म्हणाल्या, "अन्नावर राग काढू नये. जेवा." मग ते जेवले, परंतु काय खाल्ले ते त्यांस कळले नाही.

जेवणे उरकोन मोटार उघडिली तों आत भट्टी पेटलेली. लाख उन्हाने मऊ पडोन तबकडीचा द्रोण जाहला होता. जीस सुईचे टोक लागू दिले नाही तिची ऐसी गत रक्षणकर्त्यानेच केली. कुंपणाने शेत खाल्ले. कोणी म्हणे दोन काचांत दाबा, कोणी म्हणे झाडाखाली का लाविली नाही, आणि जो तो दुसऱ्यावर ढकलू लागला. तों मथुराबाई बाहेर आल्या, तबकडी निरखोन पाहिली आणि म्हणाल्या, "आता जपायचं काही उरलं नाही ना? मग लावा."

तबकडी निवू दिली, आणि दिगंबरपंतांनी चावी भरोन नवी सुई बसविली. सुई वर चढे, खाली उतरे, आणि सूर हेलकावे खाई. सरदार कानांवर हात ठेवोन हळहळले. बाई मात्र भोंग्यापाशी कान नेऊन हलल्या नाहीत. गाणे सरले तेव्हा त्या म्हणाल्या, "केवढा मोकळा आवाज. घरात मला हाक मारायची तीसुद्धा दबून." आणि सबनिसांपुढे हात करोन म्हणाल्या, "तसबीर द्या." ती त्यांनी परत दिली.

पुढे राज्याचा दरबार भरोन ठराव जाहला की दिगंबरपंतांनी एकुलती तबकडी वाजविली, सबब त्यांस राज्यातून काढावे. ऊन, मोटार आणि मोटारीची किल्ली यांविषयी ठरावात एक अक्षर नाही. सारांश, सुभद्राबाईचे गाणे आधी सासरच्यांनी कोंडिले, त्यांस ते आवडत नव्हते म्हणोन. मग जाणत्यांनी कोंडिले, त्यांस ते फार आवडत होते म्हणोन. लेकीचे कानी ते एकदाच पडले, तेही नासल्यावर. लिहिणाराचा राग अद्याप उतरला नाही.