राघोदादांची तसबीर

"पण ते दिसायचे कसे?" आनंदा चिताऱ्याने विचारले, आणि त्र्यंबकराव कर्णिक वकील छताकडे पाहू लागले.

बाळकुमच्या मिठागरातल्या कामगारांचे पुढारी राघोदादा म्हात्रे यांना जाऊन वर्ष होत आले होते. त्यांच्या वर्षश्राद्धाला गावच्या धर्मशाळेत त्यांची मोठी तसबीर लावायची, ही कल्पना त्र्यंबकरावांची. दोन वर्षांपूर्वी राघोदादांनी सगळ्या मिठागराचे काम बंद पाडून चैत्र-वैशाखाच्या उन्हात दुपारची सुटी मिळवली होती. त्या वेळचा अर्ज त्र्यंबकरावांनी ठाण्याला आपल्या ओसरीवर बसून लिहून दिला होता. त्यामुळे त्या विजयात आपला निम्मा वाटा आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या आनंदाला त्यांनी मुद्दाम कल्याणहून बोलावून घेतले होते.

"तुम्ही तर त्यांना पुष्कळदा भेटलात ना, वकीलसाहेब?"

"भेटलो तर! पण मी बोलताना पक्षकाराच्या तोंडाकडे पाहत नाही. विचारांची साखळी तुटते." त्र्यंबकराव जरा घुटमळले. "तू असं कर, बाळकुमला जा. गावाचा आत्मा होता तो माणूस. कोणीही सांगेल."

आनंदा बाळकुमला गेला, आणि कोणीही सांगितले. तीच अडचण झाली.

राघोदादांचा जिवलग मित्र महिपत म्हणाला, "उंच! माडासारका उंच!" शेजारचा एक म्हातारा म्हणाला, "उंच कसला? दगडावर चढून बोलायचा त्यो." मिशांवरून दोन सख्ख्या भावांत वाद लागला. एकाच्या मते त्या भरघोस होत्या, दुसऱ्याच्या मते नव्हत्याच. खरे म्हणजे काम बंद होते त्या दिवसांत हजार माणसे जमायची. पुढच्या दोन रांगा सोडल्या तर बाकीच्यांनी राघोदादांचा फक्त आवाज ऐकला होता. त्या आवाजाला ज्याने त्याने आपापल्या मनाने तोंड बसवले होते.

शेवटी आनंदा राघोदादांच्या बायकोकडे, सगुणाबाईकडे गेला. ती दारात सुकी मासळी निवडत बसली होती.

"बाई, त्यांचं नाक कसं होतं?"

सगुणाबाई विचारात पडली. "नाकावर राग व्हता."

"आणि डोळे?"

"डोळं लाल. मिठावर ऊन पडला का समद्यांचंच व्हतात." मग तिचा आवाज एकदम मऊ झाला. "हसला का बरा दिसं. पन हसायचा कुठं?"

राग, लाली आणि न हसणे एवढ्या भांडवलावर तसबीर होण्यासारखी नव्हती. आनंदाने मनाशी ठरवले की राघोदादांच्याच वयाचा, तशाच अंगाचा एखादा माणूस समोर बसवायचा आणि काढून मोकळे व्हायचे. गावातल्या दोन माणसांचे एकमत नाही, तर चूक काढणार कोण?

दुपारच्या सुटीत तो मिठागरावर गेला. सगळे कामगार बाभळीखाली घोळक्याने भाकऱ्या खात होते. तेवढ्यांतून एकाला उठवणे त्याला जमेना. दूर बांधावर मात्र एक जण एकटाच बसला होता. रुंद खांदे, रापलेला चेहरा, जाड मिशा.

"दादा, तुमचं चित्र काढू का?"

तो माणूस इतका दचकला की त्याच्या हातातली भाकरी खाली पडली. "मंजे, माजा?"

"तुमचंच. जरा ताठ बसा. बोलू नका."

"बोलाया हाय कोन हितं?" तो म्हणाला आणि ताठ बसला. त्याचे नाव नाथा. चित्र कशासाठी, हे त्याने विचारले नाही. गेली दोन वर्षे गावातले कोणी त्याच्याशी धड बोलले नव्हते, त्यामुळे हा परका माणूस आपल्याकडे इतके टक लावून पाहतो, एवढ्यानेच त्याला भरून आले होते. चित्रात ते पाणावलेले डोळे फार उत्तम उतरले.

वर्षश्राद्धाच्या दिवशी धर्मशाळा माणसांनी गच्च भरली. भिंतीवरच्या तसबिरीवर तांबडा कपडा टाकलेला होता. त्र्यंबकरावांनी लांबलचक भाषण केले. "ज्या महापुरुषाने स्वतःच्या सुखाकडे पाहिलं नाही, ज्याने सर्वांना एकत्र आणलं, त्याचं मुखदर्शन घ्या!" असे म्हणून त्यांनी कपडा ओढला, तसबिरीला झेंडूचा हार घातला आणि हात जोडले.

सगळ्यांनी माना उंचावल्या. मग मागून एक बाई पुटपुटली, "नाथा?"

"नाथा!" दुसरा म्हणाला. "आरं नाथा!" चहूकडून एकच कल्लोळ उठला.

लोक दुःखाने देवाचा धावा करत आहेत, असे त्र्यंबकरावांना वाटले. "होय!" ते उपरण्याने डोळे पुसत ओरडले. "नाथा! आज आपण सारे अनाथ झालो!"

"आवो वकीलसायेब, यो राघो न्हाय! यो नाथा हाय!" महिपत उठून उभा राहिला. "समदा मिठागर बंद व्हता तवा यो एकला कामावर जेला व्हता! त्याला हार घातलाव तुमी!"

त्र्यंबकरावांनी तसबिरीकडे पाहिले, मग आनंदाकडे पाहिले. आनंदा खिडकीकडे पाहत होता.

"कल्पनेतून काढलं, साहेब," तो म्हणाला.

"कल्पनेतून?" महिपतने दाराकडे बोट दाखवले. दारात, आपल्याला आमंत्रण नाही म्हणून अर्धा आत आणि अर्धा बाहेर, खुद्द नाथा उभा होता. भिंतीवरचे आपले तोंड पाहून त्याचे खालचे तोंड उघडेच राहिले होते. दोन्ही तोंडे इतकी हुबेहूब होती की रागातही दोघातिघांनी चिताऱ्याला मनातल्या मनात दाद दिली.

"काडा ती तसबीर! फोडा!" पोरे पुढे धावली.

"थांबा." सगुणाबाई उठली होती. "जायच्या आदी ह्ये मना बोललं व्हतं, नाथाला येकदा इचारा, त्यो का आला नय. कोनी इचारला?"

कोणीच विचारले नव्हते. बाई नाथाकडे वळली. "मंग आता मी इचारतंय. का जेलास तू कामाव?"

नाथा उंबऱ्याच्या आत आला. "मी कोलशेतला सासरवाडीला व्हतो, वैनी. पहाटंचा उठलो, थेट कामाव आलो. तं कोनीच न्हाय. मना वाटला सन हाय कायतरी, आनि मीच इसरलो. दिसभर मीठ वडत व्हतो आनि इचार करत व्हतो, कंचा सन? घरला आलो तं समद्यांनी तोंडा फिरवली. मंग कोनाला सांगू?"

धर्मशाळेत कोणीतरी फिस्सकन हसले. मग दुसरा हसला. "कंचा सन, म्हने!" महिपतने हसू दाबायचा फार प्रयत्न केला, पण त्याच्या मिशाच हलू लागल्या.

"दुसरी तसबीर व्हईपरेंत हीच ऱ्हाऊ द्या," सगुणाबाई म्हणाली. "भिताडाला कवापासून खिळा मारलाय." आणि तिने डोळ्यांना पदर लावला. हसण्याने की कशाने, ते कोणाला कळले नाही.

फाल्गुनात मिठागराचा मक्ता एका नव्या शेठकडे गेला. शेठ मुंबईचे. त्यांना गावातले कोणी ओळखत नव्हते आणि ते कोणाला ओळखत नव्हते. आल्या आल्या त्यांनी दुपारची सुटी बंद केली. राघोदादा असते तर, असे म्हणून सगळे उसासे टाकत राहिले. पुढे होऊन बोलायला मात्र कोणी धजेना.

शेठची बग्गी एकदा धर्मशाळेपाशी थांबली. शेठ पाणी प्यायला आत आले. भिंतीवर राघोदादांच्या नावाने ताजा हार घातलेली तीच तसबीर होती.

"हे कोण?" त्यांनी झाडणाऱ्या म्हातारीला विचारले.

म्हातारीला दिसत कमी होते. तिने सभेत ऐकले होते तेवढे सांगितले. "कामगारांचं पुढारी."

त्याच दुपारी शेठ मिठागरावर गेले, आणि पहिल्याच खाचराजवळ भिंतीवरचा तो माणूस फावडे घेऊन जिवंत उभा! ज्याला जिवंतपणी हार घालतात, त्याची गावावर केवढी पकड असेल, या विचाराने शेठ तसेच कचेरीकडे वळले. त्यांनी नाथाला कचेरीत बोलावून चक्क खुर्ची दिली. नाथा खुर्चीच्या कडेवर टेकला.

"सरळ सांगा," शेठ म्हणाले, "काम बंद करणार काय?"

नाथाला वाटले, जुने प्रकरण पुन्हा निघाले. तो घाईने म्हणाला, "आजपरेंत मी कवाच बंद केला नय, शेठ."

शेठना त्यातला 'आजपर्यंत' तेवढा ऐकू आला. "आणि उद्या?"

"उद्याचा मी एकला काय सांगू? समदी करतील तसा. या टायमाला मी एकला कामाव जायाचा नय. लय वंगाळ वाटतं."

शेठनी कपाळाचा घाम पुसला. हजार माणसे त्याच्या एका शब्दावर आहेत आणि हा माणूस इतक्या शांतपणे बोलतो! "भले," ते म्हणाले, "दुपारची सुटी चालू. उद्यापासून कशाला, आजपासून. पण भांडण नको."

"भांडान कशाला?" नाथा मनापासून म्हणाला. ते तर त्याला दोन वर्षे पुरले होते.

तो बाहेर आला तेव्हा सगळे मिठागर कचेरीसमोर जमले होते. सुटी मिळाल्याचे कळताच महिपतने त्याला मिठीच मारली. "काय बोल्लास रं त्याला?"

"मनाच कल्ला नय."

"बरा. आता उद्या जा नि प्यायच्या पान्याचा इचार."

"आनि झोपड्यांवर पत्रं मागायचं," कोणी म्हणाले.

"आनि मुकादम शिव्या देतो, त्यो बी सांग," सगुणाबाईने मागून आठवण केली.

नाथा घाबरून एकेकाच्या तोंडाकडे पाहू लागला. "पन मना बोलता येत नय, बाबांनो!"

"म्हाईत हाय," महिपत म्हणाला. "म्हनून तं तुलाच धाडतोय. बोलनाऱ्यांचा शेठ ऐकत नय."