हाफ तिकिटाच्या आतले

आमच्या शेजारच्या मास्तरांकडे टीव्ही बघायला जायचं तर आधी दात दाखवावे लागत. मास्तर उंबऱ्याशी स्टूल टाकून बसत, आलेल्या प्रत्येक पोराची हनुवटी दोन बोटांनी वर करत आणि म्हणत, "आ कर." दुधाचे दात सगळे जागच्या जागी असले की पोर आत. पुढचा एखादा पडलेला दिसला की मास्तर मान हलवत. "तुझा स्टॉप गेला गड्या. उतर."

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. सातारा-पाटण एस.टी.वर त्यांनी सारी हयात कंडक्टरकी केली, आणि आमच्याकडे कंडक्टरलाही मास्तरच म्हणतात. नोकरीभर बायकांनी मिसरूड फुटायला आलेली पोरं मांडीवर घेऊन "अजून पाच पुरी न्हाईत, मास्तर" म्हणत फुकट नेली. निवृत्त झाल्यावर मास्तरांनी त्याचा वचपा काढला. घरचा टीव्ही फक्त हाफ तिकिटाच्या आतल्यांसाठी! शाळेत जाणाऱ्यांना बंदी. मोठ्या माणसांना तर ते दारात उभं करत नसत. "तुमास्नी काय कळतंय त्यातलं?" असं त्यांनी मला, कलेक्टर कचेरीतल्या माणसाला, तोंडावर विचारलं होतं. माझी मंजू तेव्हा चार वर्षांची, म्हणून तिला पोचवायच्या निमित्ताने मला खिडकीशी रेंगाळता येई, एवढंच.

सत्तरच्या दशकाची ती शेवटची वर्षं. पुण्याजवळ सिंहगडावर टीव्हीचा मनोरा उभा राहिला होता, पण साताऱ्यात टीव्ही असलेली घरं बोटांवर मोजण्याइतकी. मास्तरांचा मुलगा पिंपरीला कारखान्यात होता. आई गेल्यावर आबा एकटे पडले, त्यांचा वेळ जावा म्हणून त्याने लाकडी दारांचा टीव्ही आणून बसवला, कौलांवर लोखंडी पाइपाला अँटेना बांधली आणि दुसऱ्या दिवशी तो कामावर परत गेला.

चित्र मात्र आलं नाही. आल्या त्या मुंग्या. पडदाभर नुसत्या पांढऱ्या-काळ्या मुंग्या, आणि त्या खरखरीतून मधूनच एखादं हसू नाहीतर पेटीचे दोन सूर. दुसरा कोणी असता तर मुलाच्या नावाने खडे फोडत बसला असता. मास्तरांनी मुंग्या चालवून घेतल्या.

छोट्यांच्या कार्यक्रमाची वेळ झाली की मास्तर पोरांना चटईवर बसवत. "सरका, म्होरं सरका, मधी लय जागा हाय." मग खिळ्याला टांगलेली पितळी घंटी दोरीने दोनदा वाजवत. "डबल बेल! सुटली!" टीव्ही लागला की स्वतः शेजारी उभे राहून, एक हात वर खुंटीला धरून, आत काय चाललंय ते सांगायला लागत.

"ह्यो बगा, हत्ती चढला. तिकीट मागितलं तर सोंड वर करून दावतोय. लय लबाड!"

"कुठं हाय, आज्जा?"

"ह्यो काय मुंग्यांच्या मागं. डोळं बारीक कर, दिसंल."

पोरं डोळे बारीक करत आणि त्यांना दिसे! मंजू घरी येऊन सांगायची की हत्तीला गाडी लागली म्हणून तो उंब्रजला उतरला. बायको मला विचारी, "टीव्हीवाल्यांना आपलं उंब्रज कसं ठाऊक हो?" पलीकडच्या काकूंनी तर गल्लीभर केलं की टीव्हीत म्हसवडची यात्रा दाखवली, सिद्धनाथाच्या रथापुढे अस्वल लेझीम खेळलं, आणि एवढं सगळं टिपायचं म्हणजे सरकारची कमाल आहे. मी मुंग्यांबद्दल अवाक्षर काढलं नाही. खरं सांगायचं तर अस्वलाचं पुढे काय झालं ते मलाही ऐकायचं होतं.

त्या दिवाळीला मास्तरांचा मुलगा आला तो बूस्टर आणि चांगला उंच पाइप घेऊनच. पोरगा गुणी. दिवसभर कौलांवर बसून त्याने पाइप ठोकला, वायर ओढली, आणि संध्याकाळी चित्र लख्ख आलं. नऊवारीतली एक बाई हातात कापडाचा पोपट घालून अंक म्हणत होती. पोपट मान वाकडी करून मुद्दाम चुकत होता. मी खिडकीतून पाहिलं. फार गोड कार्यक्रम होता तो. पोरांनी तोंडाचा आ केला होता.

मास्तरांनी सवयीने सुरुवात केली. "तर ह्यो पोपट नागठाण्याला चढला, बरं का..."

"आज्जा, गप्प बसा ना! ऐकू येत नाही!"

हे आमच्या कन्यारत्नाने सुनावलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मास्तरांचा खुंटीवरचा हात हळूच खाली आला.

मुलगा खुशीत म्हणाला, "बगा आबा, आता तुमाला घसा कोरडा कराय नगं."

"व्हय, व्हय. लय झ्याक झालं," मास्तर म्हणाले.

त्यानंतर मास्तर घंटी वाजवून टीव्ही लावत आणि मागे खाटेवर जाऊन बसत. दात बघायचंही त्यांनी सोडलं. पार तिसरीतली बोळकी पोरं आत शिरली तरी त्यांना पत्ता नसे. भिंतीपलीकडून येणारा त्यांचा आवाज बंद झाला. एकदा तर त्यांनी मलाच हाक मारली, "या की भाऊसाहेब, बसा. तेवढंच बोलणं हुतंय." तेव्हा मात्र मी खरोखर घाबरलो. मोठ्या माणसाला ते आपण होऊन बोलवायला लागले म्हणजे काहीतरी फार बिनसलं होतं.

एका रविवारी, पोरं यायच्या जरा आधी, मास्तर पाना घेऊन कौलांवर चढलेले दिसले. मी धावत जाऊन शिडी धरली. "मास्तर, ह्या वयात? चित्र गेलं का?"

"न्हाई वो. आरशावानी दिसतंय."

"मग?"

मास्तरांनी पाना पाइपाला लावला. "भाऊसाहेब, सकाळपास्नं सांजपातुर ह्या घरात मला कोण हाक मारत न्हाई. ती पोरं तेवढी घटकाभर माज्याकडं बगायची. आता पोपटाकडं बगत्यात. पोपट चांगला हाय, मी न्हाई म्हणत न्हाई. पर मला करमंना झालंय."

बोलता बोलता त्यांनी पाइपावर चुन्याचं बोट ओढलं. "ही खूण. पोरगा यायच्या आदी परत हितं आणून ठेवीन. लय हौसंनं क्येलंय त्यानं, त्याच्या मनाला लागाय नगं. तुमी आत जाऊन बगा जरा."

मी आत गेलो. पडद्यावर एक मिशीवाले गृहस्थ उसाच्या खतांविषयी बोलत होते. मी ओरडलो, "अजून माणूस दिसतोय, मास्तर!"

"मिशी दिसतीया?"

"दिसतेय! अजून फिरवा!"

कौलं करकरली. गृहस्थ वाकडे झाले, थरथरले आणि विरघळले. "आता नुसत्या मुंग्या!"

"मग ऱ्हाऊ द्या."

पोरं आली आणि एकच गलका झाला. एकाने भोकाड पसरलं, "आमचा पोपट कुठाय?" दोघं उठून दाराकडे निघाली. मास्तर एकदम पडल्या चेहऱ्याने माझ्याकडे बघायला लागले.

"हवा खराब आहे," मी सरकारी आवाजात जाहीर केलं. "सगळ्या साताऱ्यात हेच चाललंय."

मंजू मास्तरांचा सदरा ओढत म्हणाली, "आज्जा, पोपट आत काय करतोय? सांगा की."

मास्तर पडद्याजवळ वाकले. घसा साफ केला. "थांब... हां, ह्यो काय! खिडकीची जागा पायजे म्हणून कंडक्टरसंगं भांडतोय."

दाराकडे निघालेली दोघं तिथेच खाली बसली. "मग? कंडक्टर काय म्हणाला?"

कंडक्टर म्हणाला, बस बाबा, तुझीच गाडी हाय. एवढं सांगताना मास्तरांचा आवाज चिरकला. पोरांना वाटलं पोपटच बोलला, आणि ती टाळ्या पिटून हसायला लागली.