बंदरावर आपलं कोण?

विश्रांती ही गंभीर बाब आहे. ज्याला ती हवी त्याच्याच मर्जीवर सोडली, तर माणूस नुसता आराम करत सुटेल आणि चारचौघांना काय सांगायचं हा प्रश्न तसाच राहील. म्हणून सुज्ञ कुटुंबांत विश्रांतीचा निर्णय बैठकीत होतो, आणि जिला विश्रांती द्यायची तिने त्या बैठकीला चहा करायचा असतो.

वर्ध्याला लागून असलेल्या पिपरी मेघेच्या विमलाबाईंनी तो केला. आलं ठेचलं, गॅस बारीक केला आणि कान बाहेरच्या खोलीकडे लावून उभ्या राहिल्या.

विषय असा होता. पुण्याचा मुलगा आदेश आणि सून मोहिनी यांनी ठरवलं, की आईबाबांनी आता जहाजाने समुद्राची सफर करावी, वाळूत बसावं आणि काहीएक करू नये. तीन सफरींची माहिती मोबाईलवर आली. पहिली गोव्याला थांबणारी, दुसरी कोचीला, तिसरी लक्षद्वीपच्या एका बेटापुढे. जहाज तेच, जेवण तेच. निवडायचं होतं ते फक्त उतरायचं ठिकाण, आणि तेही रविवारच्या आत.

इथे विमलाबाईंच्या घराची भौगोलिक स्थिती नमूद करणं आवश्यक आहे. मुंबईहून हावड्याकडे आणि दिल्लीहून चेन्नईकडे जाणारे रेल्वेमार्ग वर्ध्याला भेटतात, अशी रेल्वेची समजूत आहे. नातेवाइकांच्या अनुभवाप्रमाणे ते विमलाबाईंच्या स्वयंपाकघरात भेटतात. (वर्ध्यावरून जाणाऱ्या शंभर नातेवाइकांपैकी नव्वद 'सहज' उतरतात. उरलेले दहा कळवून उतरतात, आणि त्यांना पुरणपोळी लागते.) कोणी लग्नाला निघालेलं, कोणी परीक्षेला, कोणी दवाखान्यात. सून म्हणून आल्या त्या दिवसापासून विमलाबाई दारात उभ्या राहून "या ना" म्हणत आल्या होत्या.

समुद्र त्यांनी पाहिला नव्हता. पण ओढ नुसत्या समुद्राची नव्हती. जिथं आपल्याला कोणी ओळखत नाही अशा जागी एक आख्खा दिवस पाय पसरून बसावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. पाणी यावं, पायाला लागावं आणि काही न खाता-पिता परत जावं. भाकरी थापता थापता त्यांनी त्यावर मनातल्या मनात ओवीही जुळवली होती:

समुद्राच्या काठी बाई, नाई सासर-माहेर
कोणी म्हणेना गं मले, चहा घेऊन ये बाहेर

हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. कोणी विचारलं नव्हतं, हे त्याचं तांत्रिक कारण.

बैठकीचे अध्यक्ष त्यांचे यजमान लक्ष्मणराव. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे समुद्र आपल्याच अखत्यारीत येतो अशी त्यांची धारणा. सदस्य दोन: रोहण्याहून आलेले विमलाबाईंचे धाकटे भाऊ रूपराव आणि शेजारचे बबनराव (कायम निमंत्रित). पाण्याचा निळेपणा, वाळूचा मऊपणा वगैरे किरकोळ बाबी सुरुवातीलाच वगळण्यात आल्या. उरला एकच निकष.

"तिथं आपलं कोण हाय?" लक्ष्मणरावांनी विचारलं.

निकष शास्त्रशुद्ध होता. माणूस परमुलखात उतरला आणि घ्यायला कोणी आलंच नाही, तर तो उतरला हे ठरवायचं कसं?

गोव्यात, वास्कोला, लक्ष्मणरावांच्या चुलतभावाची मुलगी नलू दिलेली. पैकीच्या पैकी गुण. कोचीत मोहिनीची मावशी. उत्तम. लक्षद्वीपसाठी रूपरावांनी डोळे मिटून रोहण्यापासून आर्वीपर्यंतची सगळी सोयरीक चाळली.

"एक मास्तर गेलते म्हणे तिकडं," ते म्हणाले.

"ते अंदमान," बबनराव म्हणाले.

"मंग नाई बापा. कोणीच नाई."

"कोणीच नाई, त जाऊन करायचं काय?" लक्ष्मणराव चिडले. "वाळूत बसायचं?"

लक्षद्वीप अपात्र ठरलं. गोवा मंजूर झाला आणि विश्रांतीचा कार्यक्रम लगेच आखला गेला. जहाजातून उतरताच नलूच्या नवऱ्याची गाडी, मग तिसऱ्या मजल्यावर जेवण, नलूच्या सासूच्या गुडघ्याची विचारपूस, चहा, परत जहाज. समुद्राचा अवमान होऊ नये म्हणून नलूच्या गच्चीवरून तो पाहण्याची तरतूद. (मध्ये एक नवी इमारत झाली आहे, पण तिच्या कडेने थोडा दिसतो.) सोबत नेण्यासाठी कुरडया, तुरीची डाळ, तिखट आणि नलूच्या सासूबाईंना पातळ.

"नलूले फोन लाव वो," लक्ष्मणरावांनी आतल्या दिशेने फर्मावलं.

विमलाबाईंनी लावला. "नलू, आमी येऊन राह्यलो गोव्याले. तुह्याच घरी."

पलीकडे काहीच नाही. जेमतेम एका श्वासाएवढं. मग नलूचा आवाज उजळून आला, "अवं माय, काकू! या ना! जेवालेच या!"

विमलाबाईंनी तो श्वास ओळखला. तो त्यांचाच होता. त्या श्वासात डब्यातली डाळ पाहून होते, गाद्या आठवून होतात, आपलं दुखणारं डोकं बाजूला ठेवून होतं, आणि मगच 'या ना' बाहेर पडतं.

पदराला हात पुसत त्या बैठकीत आल्या. चहाशिवाय आलेल्या पाहून सदस्य दचकले.

"नलूकडं जाऊ जी," त्या म्हणाल्या. "पण पणजीचे श्रावणभाऊ काय म्हणतीन?"

श्रावणभाऊ म्हणजे लक्ष्मणरावांचे मावसभाऊ. आदेशच्या लग्नात त्यांना मानाचा दुपट्टा द्यायचा राहिला, तेव्हापासून ते फक्त तक्रारीपुरते बोलत.

"चुलतभावाच्या पोरीकडं जेवले आन् सख्ख्या मावसभावाले वलांडून गेले. साऱ्या आर्वी तालुक्यात सांगतीन."

"दोघायकडंबी जा ना, बाई," रूपराव म्हणाले.

"जहाज काय तुही बैलाची दमणी हाय रूप्या, म्हणशीन तिथं थांबाले?"

"मंग कोची करा, वहिनी," बबनरावांनी सुचवलं.

"विहीणबाईले न सांगता तिच्या बहिणीच्या घरी? शोभते का? आन् सांगितलं, त त्या म्हणतीन, आमीबी येतो."

लक्ष्मणरावांचा चेहरा उतरला. (विहीणबाईंसोबत त्यांनी एकदा शेगाव केलं होतं.) "मंग जायचं तरी कुठं?"

"तुमी तिघं शहाणे, मले काय समजते? मी येवढंच म्हणते, जिथं आपलं कोणी नाई, तिथं रुसालेबी कोणी नाई."

युक्तिवाद बिनतोड होता. ज्या कारणाने लक्षद्वीप अपात्र ठरलं होतं, त्याच कारणाने ते एकमताने मंजूर झालं. दूरदृष्टीबद्दल बबनरावांनी लक्ष्मणरावांचं अभिनंदन केलं आणि चहा पुन्हा एकदा झाला.

त्या बेटावर विमलाबाई सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाळूत बसल्या. लक्ष्मणरावांनी किनारा दोनदा पालथा घातला, पण वर्ध्याचं सोडा, अमरावतीचंसुद्धा कोणी सापडलं नाही. बाईंनी डोळे मिटले आणि ती मनातली ओवी म्हटली, मोठ्याने.

आता त्या परत आल्या आहेत. त्यांचं ऐकून तुम्हाला बरं वाटलं असेल, एकदा भेटावंसंही वाटलं असेल. गाडी वर्ध्यावरून जाणारच असेल तर संकोच करू नका, सहज फोन लावा. त्या 'या ना'च म्हणतील. फक्त त्याच्या आधीचा तो एक श्वास जरा कान देऊन ऐका. इतकी वर्षं तुम्ही समजत होता, पिपरी मेघेला रेंज नाही.