व्याह्यांची रम

माझ्या जिभेला आजवर कोणी फसवू शकलेलं नाही! पंचवीस वर्षं चहाच्या कंपनीत चहा चाखायची नोकरी केलीय. एक भुरका मारला की पान कुठल्या महिन्यात खुडलं ते सांगतो. त्यामुळे लेकीच्या होणाऱ्या सासऱ्यांनी फोनवर विचारलं, "रममधलं काही कळतं का?" तेव्हा मी म्हणालो, "कळतं म्हणजे? घेऊन तर या!"

खरं तर रम मी एकदाच प्यायलो होतो, तीही ऑफिसच्या पार्टीत, कोल्ड्रिंकमध्ये पार बुडवून.

"कशाला नसत्या फुशारक्या?" बायको म्हणाली. "पोरीचं लग्न ठरायचंय अजून!"

रविवारी दुपारी व्याही आले. बोटीवरचे निवृत्त इंजिनिअर. खांदे कपाटाएवढे, आवाज भोंग्यासारखा. लग्न पक्कं करण्याआधी माणूस पारखावा, म्हणून एकटेच आले होते. टेबलावर बाटली ठेवत म्हणाले, "उसाच्या मळीची, अस्सल! आधी तुम्ही. तुम्ही जाणकार!"

बूच निघालं मात्र, माझे डोळेच पाणावले. सडायला आलेली केळी, अननस आणि पंक्चर काढायचं सोल्युशन एकाच खोलीत भाड्याने राहत असावेत, असा वास! आता माघार कशी घेणार? सवयीने मी चहासारखाच दणदणीत भुरका ओढला.

छातीत कोणीतरी इस्त्री ठेवली! तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायको ओरडली, "अहो, गॅस गळतोय!"

दारात वरच्या मजल्यावरच्या मुख्याध्यापिका हजर. "वास थेट वर येतोय! बाहेर पडा सगळे!"

मी जिवाच्या आकांताने बाटलीकडे बोट दाखवलं, मग गळ्याकडे.

"अगंबाई, ह्यांना गॅस लागला!" बायकोने हंबरडा फोडला.

व्याह्यांनी मला पोत्यासारखं खांद्यावर टाकलं आणि दोन जिने उतरून खालच्या बाकावर आडवं केलं. सगळी इमारत गोळा झाली. कोणी वारा घालतंय, कोणी बूट काढतंय. मी कसाबसा पुटपुटलो, "र... रम..."

"राम म्हणतायत हो!" मुख्याध्यापिका किंचाळल्या.

"राम नाही, रम!" अखेर माझा आवाज फुटला. "तो वास बाटलीचा आहे! आणि मला रममधलं ओ की ठो कळत नाही!"

जिन्यात उभी असलेली लेक माझ्याकडे अशी बघत होती, की गॅस लागला असता तर बरं, असं वाटलं. संपलं! मोडलं लग्न!

व्याही माझ्या शेजारी मटकन बसले. म्हणाले, "मलाही नाही कळत."

"काय?"

"अहो, तीस वर्षं मला बोट लागायची! आल्या-लिंबावर दिवस काढले. तुम्ही जाणकार म्हणून धास्तावलो. दुकानदार म्हणाला, हीच न्या, छाप पडेल."

मग आम्ही दोघं इतके हसलो, की बाक करकरला. लेकही हसली. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

वर आलो. बायकोने अर्धा ग्लास पाण्यात दोन चमचे रम घातली, जपून घोट घेतला आणि डोळे मिटले. "वाईट नाही हो! आधी केळं... मग अननस... करपलेली साखर... आणि शेवटी ओल्या दोरखंडासारखं काहीतरी."

आम्हीही तसंच करून पाहिलं. शब्द न् शब्द खरा! सोल्युशन गेलं आणि केळी गोड झाली. मुख्याध्यापिकांनी 'फक्त तपासण्यापुरता' एक चमचा घेतला, मग दुसरा. लग्न तिथेच पक्कं झालं.

आता व्याही महिन्यातून एकदा नवी बाटली घेऊन येतात. मी हौसेने दार उघडतो. ते माझ्या खांद्यावरून आत डोकावतात आणि विचारतात, "विहीणबाई आहेत ना घरात?"