नापास होण्याचं टाचण

धायरीच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये आमोदने 'तंत्रज्ञान समावेश आराखड्या'ची शेवटची स्लाइड लावली आणि ज्या शिक्षिका तोवर टेबलाखाली मेथी निवडत होत्या, त्यांचेही हात थांबले. वार्षिक मूल्यमापनात जे शिक्षक सगळ्यांत खालच्या पायरीवर राहतील, त्यांची जूनपासून संस्थेच्या कसबा पेठेतल्या जुन्या शाखेत बदली होणार होती. तिथे बोटाने लिहायचं डिजिटल पॅनल नाही, प्रोजेक्टर नाही, भिंतीवर लाकडी चौकटीतला काळा फळा आहे. ज्यांना नवीन काही शिकायचंच नाही त्यांनी तिथे सुखाने राहावं, असा संस्थेचा उदार विचार होता. पुण्यात 'येरवड्याला पाठवतील' हे ज्या आवाजात म्हणतात, त्याच आवाजात 'कसब्यात पाठवतील' अशी कुजबुज सुरू झाली.

एकट्या सुनीतीबाईंचा चेहरा फुलला. तो कोणाला दिसू नये म्हणून त्यांनी रुमाल काढून एक खोटी शिंक दिली. मुख्याध्यापिका प्रियदर्शनी मॅडमनी लगेच त्यांच्या खांद्यावर हात ठेवून, घाबरू नका, आम्ही सगळे आहोत, असा धीर दिला.

सुनीतीबाईंची उभी हयात कसब्याच्या शाळेत मराठी शिकवण्यात गेली होती. घरही कसब्यातच, शाळेच्या मागच्या गल्लीत. मधल्या सुट्टीत त्या घरी येऊन गरम पोळी खाऊन परत जात. पण पेठेतली कुटुंबं उपनगरांत गेली, वर्ग ओस पडले, धायरीत मात्र मुलांना बसायला बाक पुरेनात. संस्थेने बाईंना दोन वर्षांपूर्वी धायरीला धाडलं. तेव्हापासून त्या रोज स्वारगेटला बस बदलून, सिंहगड रस्त्यावरची कोंडी सोसून, एका चकचकीत इमारतीत जात होत्या. तिथे सगळं होतं. फक्त आवाज नव्हता.

कसब्याची शाळा तांबट आळीला लागून. बाईंच्या वर्गाच्या खिडकीखाली दिवसभर तांब्याच्या भांड्यांवर हातोडी पडत असे आणि बाई त्या ठोक्यावरच कविता म्हणायच्या. ठोका आला की ओळ उचलायची, दोन ठोक्यांच्या मध्ये अर्थ सांगायचा. नवे शिक्षक पहिल्या आठवड्यात डोकं धरून बसत. बाईंचं मात्र त्यावाचून अडायचं. धायरीच्या वातानुकूलित शांततेत त्या पहिल्या दिवशी कविता म्हणायला उभ्या राहिल्या, तेव्हा ओळ कुठून उचलावी हेच त्यांना कळेना. वर इतकी वर्षं हातोड्यांशी स्पर्धा करून आवाज असा चढलेला, की हिरा नावाची एक मुलगी उभी राहून नम्रपणे म्हणाली होती, "मॅडम, आमाला ऐकू येतंय." ते 'मॅडम'ही त्यांना टोचायचं. कसब्यात त्या बाई होत्या.

त्या संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला सांगितलं की मला यंदा नापास व्हायचं आहे. यज्ञेश्वरराव बँकेतून निवृत्त झालेले आणि आता पूर्ण वेळ वर्तमानपत्रातल्या चुका काढत असत.

"त्याला वेगळं काय करायचंय?" ते पेपरातून मान वर न काढता म्हणाले. "तुझ्या मोबाइलवर मागच्या दिवाळीचा डीपी अजून आहे. जशी आहेस तशी जा."

पण सुनीतीबाई आयुष्यात कधी तयारीशिवाय वर्गावर गेल्या नव्हत्या, तर नापास व्हायला बिनतयारीच्या कशा जातील? इतर शिक्षक पास होण्याचे क्लास लावत असताना त्यांनी ताव घेतला आणि नापास होण्याचं रीतसर पाठ-टाचण काढलं. उद्दिष्ट, पूर्वतयारी, कृती, फलित. फलिताच्या रकान्यात त्यांनी सुवाच्य अक्षरात 'कसबा' असं लिहिलं.

आमोद संस्थेचा तंत्रज्ञान समन्वयक. तरुण, मनाने चांगला आणि हातातल्या टॅबवाचून कशावरच विश्वास न ठेवणारा. तो मूल्यमापनासाठी पहिल्यांदा वर्गात येऊन मागच्या बाकावर बसला, तेव्हा बाईंनी पॅनल सुरूच केलं नाही. वर आपणहून सांगितलं की मला ते लावता येत नाही आणि शिकायचीही इच्छा नाही. मग मुलांना डोळे मिटायला सांगून त्यांनी नदीवरची कविता म्हटली. तास संपला आणि आमोद भारावून पुढे आला. साधन कधी वापरू नये हे कळणं ही आराखड्यातली सर्वांत वरची पायरी असून, आजवर तिथे कोणी पोचलेलं नव्हतं. "मॅडम, तुम्ही मुलांना स्क्रीनपासून ब्रेक दिलात," तो म्हणाला. "हे कोणाला सुचतच नाही."

बाईंनी घरी येऊन टाचणात दुरुस्ती केली. पॅनल न वापरणं पुरेसं नव्हतं. त्याचा गैरवापर करायला हवा होता.

दुसऱ्या भेटीला त्यांनी पॅनल लावलं, पर्समधून खडू काढला आणि त्या महागड्या काचेवर सरळ लिहायला सुरुवात केली. कसब्याचा खडू होता तो, चांगला जाड. दारावरून चाललेल्या प्रियदर्शनी मॅडमनी ते पाहिलं आणि चौकटीचा आधार घेतला. आता मात्र आपली बदली कोणी रोखू शकत नाही, असं मनाशी म्हणत बाईंनी काचेवर 'नदी' हा शब्द ठसठशीत काढला. पण त्या पॅनलला बोट काय आणि खडू काय, सगळं सारखंच. खडूच्या पांढऱ्या अक्षरामागे तेच अक्षर निळ्या रंगात उमटत गेलं. बाई घाबरून रुमालाने पुसायला लागल्या.

"मॅडम, खडू पुसला तरी अक्षर हायेच की!" हिरा ओरडली, आणि सगळा वर्ग टाळ्या पिटायला लागला.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, अशी गत. आमोदने 'पारंपरिक साधनाचा आधुनिक माध्यमाशी मेळ' असं काहीतरी टॅबमध्ये भरलं. त्याने मागच्या बाकावरून काढलेला व्हिडिओ संस्थेच्या ग्रुपवर टाकल्यावर तर आठवड्याभरात धायरीच्या प्रत्येक वर्गात खडूची पेटी आली. सगळे शिक्षक पॅनलवर खडूने लिहू लागले. वातानुकूलन यंत्रातून भुकटी खोलीभर फिरू लागली, मुलं शिंकू लागली आणि गणिताच्या सरांना खोकला जडला. तरीही कोणी सुनीतीबाईंना बोल लावला नाही. उलट पालकसभेत त्यांचा सत्कार झाला, शाल मिळाली. ती पांघरून त्या घरी आल्या तेव्हा यज्ञेश्वररावांनी विचारलं, "नापास होणाऱ्यांना आजकाल शाल देतात का?"

शेवटच्या भेटीसाठी बाईंनी सर्वांत नीच मार्ग निवडला. वर्गात जायचं, नदीच्या कवितेचा इंटरनेटवरचा तयार व्हिडिओ लावायचा आणि तास संपेपर्यंत खुर्चीत बसून राहायचं. मराठीच्या शिक्षिकेने असं करणं त्यांच्या दृष्टीने पाप होतं, पण कसब्याच्या खिडकीसाठी त्या पाप करायलाही तयार होत्या. त्यांनी व्हिडिओ लावला आणि हात बांधून बसल्या.

व्हिडिओतला गृहस्थ कविता म्हणू लागला. पहिली ओळ त्याने भलत्याच ठिकाणी तोडली. बाईंनी दात आवळले. दुसरी ओळ त्याने अशी वाचली, की नदी आहे का नळाचं वेळापत्रक हे कळेना. बाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. तिसऱ्या ओळीला त्या ताडकन उठल्या, बोटाने तो गृहस्थ जागच्या जागी थांबवला आणि म्हणाल्या, "अशी नसते ती."

मग त्यांनी डस्टर उचललं आणि त्याच्या लाकडाने टेबलावर ठोका दिला. ठक. थोडं थांबून पुन्हा ठक. तिसऱ्या ठोक्याला ओळ आपोआप उचलली गेली. बाईंनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढे गजांची खिडकी आली, खालच्या हंड्यांवरचं ऊन आलं, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा धायरीत त्यांची कविता ठिकाणावर बसली. मुलं बाकांवर ठोके धरू लागली. आमोद समोर बसला आहे, आपल्याला नापास व्हायचं आहे, यातलं त्यांना काहीही आठवलं नाही. डोळे उघडले तेव्हा घंटा होऊन गेली होती आणि एकही मूल जागचं उठलं नव्हतं.

निकाल लागला. सुनीतीबाई संस्थेत पहिल्या आल्या. प्रियदर्शनी मॅडमनी त्यांच्या तोंडात पेढा कोंबला, बाईंचे डोळे भरून आले, आणि केवढा आनंद झालाय बघा, असं म्हणून स्टाफरूमनेही डोळे टिपले. गंमत म्हणजे खालच्या पायरीवर कोणीच उरलं नव्हतं. कसब्याच्या भीतीने सगळ्यांनी इतका अभ्यास केला होता, की अख्ख्या शाळेत बदलीला एकही लायक माणूस सापडेना.

बाई आमोदच्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं.

"माझे मार्क कमी करा," त्या म्हणाल्या.

आमोद गोंधळला. मार्क वाढवून मागायला कोणी आलं तर काय सांगायचं ते आराखड्यात होतं; कमी करून मागणाऱ्याची सोय नव्हती. आणि आकडे तर मुख्य कचेरीत गेले होते.

"मला कसब्यात जायचंय हो," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जन्मात पहिल्यांदा इतका खाली आला होता. "रिटायर व्हायला थोडीच वर्षं राहिलीत. तिथली मुलं मला बाई म्हणायची. खिडकीखाली तांबटांचे ठोके असायचे. त्याशिवाय मला कविता सुरू करता येत नाही. तुम्ही मागे बसायचात ना, तेव्हा मी नापासच व्हायला बघत होते. तेवढंही जमलं नाही मला."

आमोदने टॅब टेबलावर पालथा ठेवला. त्याच्या बाबतीत ही मोठीच गोष्ट होती. "मॅडम, मी बघतो काहीतरी," तो म्हणाला, आणि ते त्याने अगदी मनापासून म्हटलं.

त्याने खरोखरच बघितलं. कसब्यातली मराठीची जागा रिकामी होत होती आणि तिथे जायला कोणीच नव्हतं. बाईंना तर कसब्याचाच ध्यास होता. पण पहिल्या आलेल्या शिक्षिकेला संस्था धायरीतून सोडणार नव्हती, म्हणून आमोदने दोन्ही साधणारा प्रस्ताव दिला आणि तो एका बैठकीत मंजूर झाला. जूनमध्ये बाईंच्या हातात पत्र पडलं. त्यांनी ते नवऱ्याला दाखवलं. यज्ञेश्वररावांनी ते दोनदा वाचलं, पण चूक सापडली नाही.

"म्हणजे," ते शांतपणे म्हणाले, "तू सकाळी इथून निघणार, स्वारगेटला बस बदलणार, धायरीला जाणार आणि तिथल्या पडद्यावरून आपल्या मागच्या गल्लीतल्या पोरांना शिकवणार."

"हो," बाई म्हणाल्या. टोमणा न मारता यज्ञेश्वररावांनी उठून चहा टाकला.

पहिल्या तासाला धायरीच्या एका रिकाम्या खोलीत बाई पॅनलसमोर उभ्या राहिल्या. आमोदने तारा तपासल्या, कळ दाबली आणि पडदा उजळला. समोर बाईंची जुनी खोली होती. तिकडचं नवं पॅनल कॅमेऱ्यासकट काळ्या फळ्यावरच बसवलेलं असल्यामुळे खोली फळ्यापासून दिसत होती. म्हणजे बाई इतकी वर्षं जिथे उभ्या राहत, बरोबर तिथून. तेच झिजलेले बाक, छत्री अडकवायचा तोच खिळा, डावीकडे गजांची खिडकी. बाईंचा हात नकळत खिडकीच्या दिशेने गेला आणि काचेवर टेकला. तिकडच्या पहिल्या बाकावरच्या मुलीने मान वाकडी करून बघितलं.

"बाई, दिसताय तुम्ही," ती म्हणाली.

बाईंनी चष्मा काढून पुसला. तेवढ्यात तो आला. आधी अंधुक, मग स्वच्छ. ठण्. ठण्.

"बॅकग्राउंडला नॉइज येतोय," आमोद लगबगीने म्हणाला. "एक मिनिट मॅडम, सेटिंग आहे त्याला, पूर्ण कट होईल."

"हात लावू नका त्याला," बाई म्हणाल्या. आवाज कसब्यातला होता, हातोड्यांना पुरून उरणारा. आमोद चार पावलं मागे गेला.

बाईंनी कविता काढली. पण तिकडचा आवाज चित्राच्या जरासा मागे राहत होता. मुलांचे ओठ आधी हलत आणि शब्द मागून येत. त्यात ठोकाही मध्येच कुठेतरी रेंगाळे. बाईंनी एकदा ओळ उचलली, ती चुकली. दुसऱ्यांदा त्या थांबल्या. ठोका स्वारगेट ओलांडून, सिंहगड रस्त्यावरची सगळी कोंडी पार करून धायरीला पोचेपर्यंत थांबल्या, आणि तो आल्यावरच ओळ उचलली. ती बसली. मग प्रत्येक ओळीआधी त्या तशाच थांबू लागल्या आणि कसब्यातली मुलंही तोंडं वर करून त्यांच्याबरोबर थांबू लागली.

कोपऱ्यात उभ्या असलेल्या आमोदने टॅब काढला आणि नव्या वर्षाच्या मूल्यमापनात पहिली नोंद केली, 'प्रत्येक ओळीपूर्वी विचारपूर्वक विराम. पैकीच्या पैकी.' सुनीतीबाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. काचेवर हात ठेवून त्या पुढच्या ठोक्याची वाट बघत होत्या.