बंद पडणारी बाईक आणि दादाराव सर

आमच्या शेजारचे दादाराव सर लिंबू-मिरची दिसली की तोडतात. दुकानावरची असो नाहीतर ऑटोवरची, भर चौकात हात घालून तोडतात आणि वर मालकालाच झापतात, "काहून बे, लिंबाले डोळे असते काय?" जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, ते अंगातून गेलेलं नाही. काकू गेल्यापासून तर घरात त्यांना आवरायलाही कोणी नाही. अकोल्यातले ऑटोवाले त्यांना पाहून गल्ली बदलतात.

मी नोकरीसाठी रोज अकोटला जाते, माझ्या स्पोर्ट्स बाईकवर. ही बया चालता चालता बंद पडू लागली. खड्डा आला की इंजिन गप. मागून ट्रक बोंबलतोय आणि मी रस्त्याच्या मधोमध! शोरूमवाल्यांनी कॉम्प्युटर लावला, गाडी उभी ठेवून सुरू केली. तिथे ती शहाण्यासारखी चालली. "मॅडम, गाडीत काहीच नाही. क्लच नीट धरत जा." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गाडी यांची खराब आणि क्लच माझा वाईट! त्यात आईनं निकाल दिला, "एवढ्या रविवारी दुरुस्त नाई झाली, तं इकून टाक."

सर माझ्याहून भडकले. "त्यायच्या कॉम्प्युटरले म्हणा, अकोटच्या खड्ड्यात चालून दाखव!"

रविवारी सकाळीच ते पाने-पक्कड घेऊन अंगणात हजर. पेट्रोल बदललं, प्लग पाहिला, बॅटरीच्या तारा आवळल्या. प्रत्येक वेळी "हे नाई! पुढचं!" असं ओरडत, जणू मीच चुकीचं उत्तर दिलंय. शेवटी मला गाडीवर बसवलं, स्टँड वर घ्यायला लावलं आणि मागून गाडी हलवली. न्यूट्रलमध्ये इंजिन चालत राहिलं. क्लच दाबून गिअर टाकला, सरांनी हलवलं, आणि इंजिन पटकन मेलं.

"सापडलं!" सर गरजले. "स्टँड खाली असलं अन् गिअर टाकला, तं इंजिन बंद पडते. पडाची भीती असते म्हणून. स्टँड वर हाये, पण त्याचं बटन म्हणते खाली हाये. स्टँडच्या बुडाशी काई..."

वाक्य अर्धवट सोडून त्यांनी चष्मा काढला.

मी वाकून हात घातला. स्टँड पुरता वर जात नव्हता. मध्ये तार अडकली होती. ओढली तर काळंठिक्कर लिंबू, वाळक्या मिरच्या आणि एक बिबा.

माझा पारा चढला. "सर, हे पाहा! कोण्या अडाण्यानं बांधलं हे? ट्रकखाली गेली असती मी!"

मला वाटलं, आता सर गल्ली डोक्यावर घेतील. ते चष्मा पुसत राहिले.

"समोर बांधाले जागाच नाई वं या गाडीले."

"म्हणजे... तुम्ही बांधलं?" मी विचारलं.

"तुही काकू माह्या स्कूटरले बांधे. मी तोडो. रोज भांडण." त्यांनी माझ्या हातातलं लिंबू घेतलं. "आता संध्याकाळी तुह्या गाडीचा आवाज आला, का मी कुकर लावतो. नाई आला, तं दारातच उभा रायतो. तू पोहोचली पायजे, बस."

एवढा वेळ साठवलेला राग कुठे गेला कळलं नाही. मला रडूच आलं.

सोमवारी बाईक एकदाही बंद पडली नाही. घरी परतल्यावर मी फाटकाशी थांबून उगाच जोरात रेस दिली.

शेजारच्या खिडकीतून सर कडाडले, "आयकलं वं माय! पेट्रोल काहून फुकट घालवून रायली?"

मागोमाग कुकरचं झाकण लावल्याचा आवाज आला.